दिसायलंय, काकू

लहानपणी मला अंधाराची इतकी भीती वाटायची की आमच्या गल्लीला ती एक करमणूकच झाली होती. संध्याकाळी लाईट गेली की ओट्यावर बसलेली एखादी बाई हमखास हाक द्यायची, "काय गं भित्रे भागूबाई, हाईस का?" आणि मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरून चुलीपाशी बसलेली असायचे. बोरीत तेव्हा लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नसे, आली तर वाटायचं. भारनियमनाचं वेळापत्रक असतं असं पेपरात यायचं, पण आमच्या गावानं ते पाळलेलं मी तरी पाहिलं नाही. दिवेलागण झाली की जायची, ती जेवणं आटोपेपर्यंत गायब.

भुताखेतांची भीती मला नव्हती. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, घर बौद्ध, भूत वगैरे काही नसतं हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पण पाठ असण्याचा अंधारात काही उपयोग नसतो. मला भीती वाटायची ती ओळखीच्या वस्तूंची. दिवसा जी बैलगाडी असायची, तिथं रात्री कुणीतरी गुडघ्यात मान घालून बसलेलं असायचं. वाळत घातलेलं धोतर हात हलवायचं. वडील समजावून सांगायचे, "अंधार म्हणजे दुसरं काही नाही बेटा, फक्त उजेड नसणं." हे ऐकून तर माझी भीती आणखी वाढायची. नुसतं काही नसणं एवढं काळं दिसत असेल, तर काही असलं म्हणजे काय होईल?

शाळेजवळ आम्ही भाड्यानं राहायचो. भिंतीला भिंत लागून माझ्या मैत्रिणीचं घर. ती माझ्याच वर्गात होती. त्यांचं घर माळकऱ्यांचं. लहानथोरांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नसेल. कोरडवाहू शेती होती, आई-बाप, चुलता-चुलती सगळे एका चुलीवर. तिची चुलती आमच्या आईशी गोड बोलायची, पण आईच्या हातचा चहा मात्र तिला नेहमी "आत्ताच झालाय की" असायचा. आई हसून सोडून द्यायची. मी मात्र सोडून द्यायचे नाही. माझा स्वभाव तेव्हापासूनच तिरसट आहे.

संध्याकाळी आम्ही दोघी कळश्या घेऊन हापशावर जायचो. एकदा पाणी भरून निघालो आणि लाईट गेली. माझे पाय जागच्या जागी रुतले. तिनं माझं मनगट धरलं, म्हणाली, "चल," आणि निघाली. मान ताठ, चाल सरळ. मी डोळे मिटून तिच्यामागे. दारात पोचल्यावर मला तिचा इतका अभिमान वाटला की मी आईला सांगितलं, ही अंधाराला जराही भीत नाही. मग रोजचंच झालं. लाईट जायची, ती माझं मनगट धरायची.

एका संध्याकाळी कुणीतरी आपली बैलगाडी नेहमीची जागा सोडून रस्त्यातच उभी केली होती. ती सरळ चालत गेली आणि गाडीच्या जुवावर तिचं कपाळ खाडकन आपटलं. कळशी सांडली. ती चिखलात बसली, कपाळाला हात लावून, आणि हसायला लागली.

"तुला गाडी दिसली न्हाई?" मी विचारलं.

"कुटं काय दिसतंय मला? दिवस बुडाला की काईच दिसत न्हाई."

"मंग इतके दिवस मला कसं न्यायलीस?"

"पायाला वाट म्हाईत हाय की."

"आन् भ्या?"

"काय दिसतच न्हाई तर भ्यायचं कशाला?"

मी तिच्याशेजारी चिखलात बसले. मला अंधारात नको ते दिसायचं, म्हणून मी भ्यायचे. तिला काहीच दिसायचं नाही, म्हणून ती भीत नव्हती. दोघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. हे कुणाला सांगायचं नाही. पोरीच्या डोळ्यात दोष आहे असं एकदा गावात झालं की काय होतं ते तिला ठाऊक होतं. शाळा सुटते, आणि लग्नाच्या वेळी लोक दोष आठवणीत ठेवून बोलतात. तिनं माझा हात धरायचा आणि मी तिला हळू आवाजात सांगत जायचं. खड्डा. म्हैस. पायरी. लोकांना वाटायचं, भित्र्या भागूबाईला ती घरी पोचवायलीय. मला ते टोमणे पूर्वी झोंबायचे, आता मी ते मजेत ऐकायचे. माझ्या भित्रेपणाच्या आड तिचे डोळे झाकले जात होते.

ती काही मला नुसतं सांगू द्यायची नाही. मी मध्येच थांबले की विचारायची, "काय हाय म्होरं?"

"कुणीतरी बसलंय."

"नीट बघ आन् मंग सांग. मला काय ते बरोबर कळाय पायजे. न्हाईतर मी पडंन."

मग मला बघावंच लागायचं. डोळे मिटून चालायची सोय राहिली नव्हती. मी बघायचे, आणि बसलेल्या माणसाची हळूहळू गाडी व्हायची, हात हलवणाऱ्याचं धोतर व्हायचं. वडिलांच्या समजावण्यानं जे झालं नाही ते असं झालं. तिला सांगायचं म्हणून मी अंधाराकडे बघायला शिकले, आणि बघायला लागले तशी माझी भीती ओसरत गेली. मी हे तिला कधी सांगितलं नाही. आम्ही त्या वयात एकमेकींना फक्त शिव्या द्यायचो.

तिच्या आईच्या नजरेतून मात्र तिचं न दिसणं सुटलं नाही. रात्री जेवायला बसली की लेक ताटात भाकरी चाचपत शोधते, हे आईला दिसणारच. एका दुपारी सगळे रानात कापूस वेचायला गेलेले असताना तिची आई आमच्या मागच्या दारी आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर बसून माझ्या आईला म्हणाली, "बाई, पोरीला रातचं दिसत न्हाई. समदे म्हनतेत, रातांधळ्याला शेळीचं काळीज चारा, उतार पडतोय. आमच्या घरात तर तुमाला म्हाईतच हाय." आणि तिनं गळ्यातल्या माळेला हात लावला.

आई म्हणाली, "पाठवा तिला. माझ्या लेकीवानीच हाय ती."

"मी काय इचारनार न्हाई. तुमीबी कुनाला सांगू नका, बाई. पोरगी अभ्यासाला येती तुमच्याकडं, एवढंच मला ठाव."

"न्हाई सांगणार," आई म्हणाली.

बाजाराच्या दिवशी वडील काळीज घेऊन यायचे. आई ते निखाऱ्यावर भाजायची, वर मीठ-तिखट भुरभुरायची. पहिल्या दिवशी मैत्रिणीनं ताटलीसमोर आधी हात जोडले. कुणाला जोडले ते आम्ही विचारलं नाही. तुकडा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी चावत राहिली. आई उगीचच पाठ वळवून डबे पुसायला लागली, म्हणजे पोरीला लाज वाटायला नको. नंतर आईनं तिच्या तळहातावर बडीशेप ठेवली. ती बडीशेप चावत पुस्तक छातीशी धरून घरी गेली, अभ्यास करून आल्यासारखी.

मला हेवा वाटायचा, ते का लपवू? चांगला तुकडा तिच्या ताटलीत जायचा आणि माझ्या वाट्याला करपलेली कड.

खाऊन झालं की आई तिला अंगणात न्यायची. सूर्य मावळलेला असायचा. आई विचारायची, "दिसायलंय का गं काही?" ती नाही म्हणून मान हलवायची. पुढच्या बाजारी पुन्हा काळीज, पुन्हा अंगण, पुन्हा तोच प्रश्न. आईचा आवाज दर वेळी थोडा बारीक व्हायचा. आणि मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "दिसायलंय, काकू."

"खरं? काय दिसायलंय?"

"लिंबाचं झाड."

अंगणाच्या कोपऱ्यातला तो कडुलिंब आम्ही जन्मल्यापासून तिथंच होता. आईनं तिला जवळ घेतलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या दंडाला चिमटा काढला, कारण आत्ताच ओटा उतरताना मी तिला 'पायरी' म्हणून सांगितलं होतं.

नंतर मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "काकू माझ्यापायी इस्तवापुढं बसती. आमच्या घरचे तर तिच्या हातचं पाणी पीत न्हाईत. किती दिस न्हाई न्हाई म्हनू मी तिला?"

मग ती सराईत झाली. दुधाची चरवी दिसायली, दोरीवरचं लुगडं दिसायलं. एकदा तिनं आमची पांढरी कोंबडी दिसायली म्हणून सांगितलं. ती कोंबडी आदल्याच दिवशी मुंगसानं नेली होती. आई रिकाम्या खुराड्याकडे बघून म्हणाली, "शेजारची असंल, येती कवाकवा." माणसाला एखादी गोष्ट खरी वाटायला हवी असली की ते स्वतःच तिच्या मदतीला धावतं. तिच्या आईनं त्या हिवाळ्यात आमच्याकडे पदराखाली झाकून हुरडा आणून दिला. दोघी आया एकमेकींकडे बघून हसल्या.

पण अंधारानं दिवस बुडायची वाट बघणं सोडून दिलं. लंगडीत ती बाजूनं आलेल्या पोरीला बघायचीच नाही, लगेच बाद. हातातून पडलेली पेन्सिल तिला पायाशी सापडेना. एकदा भर दुपारी ती सायकलखाली आली. सायकलवाला ओरडला, "आंधळी हाईस का?" हे वडिलांनी पाहिलं. ते संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तिला, तिच्या आईला आणि हट्ट धरून निघालेल्या मला घेऊन एसटीनं परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरनं थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, बॅटरीच्या उजेडात बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिच्या आईला विचारलं, "लग्न नात्यात झालंय का तुमचं?"

"मामालाच दिलेली हाय मी," ती म्हणाली. आमच्याकडे यात काही वावगं नाही. उलट चांगलं समजतात, पोरगी घरच्या घरात राहते.

डॉक्टरनं सावकाश सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेनं सुकत चाललाय. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, मग समोरचं. चष्मा नाही, ऑपरेशन नाही, औषध नाही.

"आन् खाण्यापिण्यानं?" तिच्या आईनं खाली बघत विचारलं.

"साधं रातांधळं असतं तर खाण्यानं फरक पडला असता. ह्याला नाही पडत. लवकर आणलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं."

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिलं आहे. कुणाचं काही चुकलं नव्हतं. मला आजही ह्याचाच राग येतो. दोष द्यायला कुणी सापडलं असतं तर मी त्याला धरलं असतं.

परतीच्या एसटीत तिच्या आईनं तिला विचारलं, "मंग तू तर दिसायलंय म्हनत व्हतीस की."

"काकू एवढं काळीज भाजून चारायली," ती म्हणाली, "तिला वाईट वाटू न्हाई म्हून म्हनले." तिच्या आईनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि बोरी येईपर्यंत सोडलं नाही.

एसटीत आपल्या गावचं कुणी नाही असं कधी होत नसतं. मागच्या बाकावर होतं कुणीतरी. त्यानं काय ऐकलं असेल तेवढंच, की मास्तराच्या घरात माळकऱ्याच्या पोरीला काळीज चारतात. आम्ही घरी पोचून हातपाय धुतो न धुतो तोच चुलती गल्लीत उभी होती.

"माळकऱ्याच्या लेकराला तसलं चारलं!" ती कपाळ बडवून ओरडत होती. "देव डोळे काढून न्हेनार न्हाई तर काय करंल! बाटिवली पोरीला!"

गल्ली गोळा झाली. आई दारात उभी होती, हातात अर्धवट निवडलेल्या तांदळाचं सूप. मैत्रिणीची आई तिच्या दारात, चौकटीला टेकून. मी एकदा हिच्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. आता ती बोलेल, मीच मागायला गेले होते म्हणेल. ती बोलली नाही. तिला त्याच घरात, त्याच चुलीवर पुढचे सगळे दिवस काढायचे होते. मग मी आईकडे पाहिलं. आईनं एकच शब्द बोलायचा होता आणि तो बोलायचा तिला पूर्ण हक्क होता. पण "न्हाई सांगणार" असं तिनं त्या दुपारी म्हटलं होतं. ती सूप घेऊन आत आली आणि तांदूळ निवडत बसली. वडील काही बोलायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्यांचं लेकरू आंधळं होयालंय. आपलं काय गेलं?"

गेलं होतं. मैत्रिणीचं येणं बंद झालं. हापशावर मी एकटी जायला लागले. लाईट गेली की मी चालत राहायचे, गाडीला गाडी म्हणायचे, धोतराला धोतर. भीती राहिली नव्हती, पण ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं, आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं. शाळेत ती माझ्याच बाकावर बसायची. तेही थोडेच दिवस. फळा दिसेनासा झाला तसं तिला घरी बसवलं. पुढं वडिलांची पाथरीला बदली झाली आणि आम्ही बोरी सोडली. त्या दिवसानंतर आईनं घरात काळीज कधी आणू दिलं नाही. वडिलांनी एकदा आणलं तर ती जेवलीच नाही.

मी नर्स झाले. रात्रपाळीला नव्या पोरी मागच्या अंधाऱ्या बोळातून जायला भितात, तेव्हा मला बोलावतात. मी जाते. "मॅडम, तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" असं त्या विचारतात. मी म्हणते, सवय झाली.

गेल्या वर्षी आई वारली. आजारपणात शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू यायची नाहीत, पण मध्येच माझा हात धरून विचारायची, "तिला दिसायलंय का गं आता?" मी काय सांगणार? मी "हो" म्हणायचे. मग तिचा पुढचा प्रश्न ठरलेला, "माझ्या हातानं काही वाईट तर झालं न्हाई ना?" मी नर्स आहे, मी तिला पडदा, नात्यातलं लग्न, सगळं समजावून सांगितलं होतं, कित्येकदा. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच विचारायची. इतकी वर्षं हे तिनं कुणालाही बोलून दाखवलं नव्हतं. ते ऐकताना मला चुलतीचा जेवढा राग आला तेवढा त्या दिवशी गल्लीतही आला नव्हता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आईच्या स्मरणविधीच्या दिवशी दारात मांडव होता. भन्तेजींची वंदना झाली, माणसं जेवायला बसायच्या तयारीत होती. तेवढ्यात एक जीप थांबली आणि माझ्या त्या मैत्रिणीची आई उतरली. पाठीत वाकलेली, गळ्यात तीच माळ. तिनं आतून हात धरून कुणालातरी उतरवलं. मी पंगतीची तयारी सोडून धावले.

तिचे डोळे उघडे होते आणि कुठंच बघत नव्हते. मी काही न बोलता तिचा हात धरला. तिनं माझं मनगट चाचपलं आणि हसली, "भागूबाई."

"पायरी," मी म्हणाले. तिनं पाय उचलला.

ओट्यावर बसवून मी तिला पाणी दिलं. आम्ही बोलत राहिलो, उगीच इकडचं तिकडचं. चुलती गेली, लिंबाचं झाड पाडलं, गावात आता लाईट सहसा जात नाही. हे सांगताना ती जरा थांबली. मग माझा हात न सोडता म्हणाली, "तू लहानपणी भ्यायचीस, मला हसू यायचं. आता मला भ्या वाटतं बघ."

"तू तर म्हनायचीस, दिसतच न्हाई तर भ्यायचं कशाला?"

"तवा सकाळ व्हायची की गं," ती म्हणाली.

मी तिच्या दुसऱ्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला.

"काकूचा फोटो कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी तिला उठवलं, खांद्याला धरून फोटोसमोर नेलं आणि तिचं तोंड तिकडे वळवलं. तिनं हात पुढे केला, हार लागला, मग काच लागली. तिची आई मागे उभी होती. पंगतीतली माणसं बघत होती. तिनं हात जोडले, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दिसायलंय, काकू. समदं दिसायलंय बघ."

मी तिला चिमटा काढला नाही.